भाईंचा नारळ आणि आपोलिनाची घंटा

तोंडवलीत आपोलिना फर्नांडिसला तोंडावर सगळे 'आपोलिना बाय' म्हणत आणि पाठ वळली की 'नायबाय'. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही, पण ते चिकटायला कारण होतं. लग्नाच्या वयात आलेली स्थळं तिनं एकामागून एक परत पाठवली होती. म्हापशाचा एकजण बघायला आला आणि बशीतला चहा आवाज करून ओढला, म्हणून नाय. दुसरा बोटीवर होता, दिसायला बरा होता, पण बोलता बोलता म्हणाला की पृथ्वी फिरते यावर आपला काही पुरता विश्वास बसत नाही. नाय. तिचे वडील बेनेडिक्ट चर्चमध्ये सगळ्यात जाड आवाजात गाणारे गृहस्थ. ते शेवटी कंटाळून म्हणाले, "गो बाय, सायबान सर्गाच्या दारात उभो रवान तुका आत बोलयल्यान, तरी तू पयली दाराची बिजागरी तपासशीत."

"गंजलेली आसली तर?" आपोलिनानं विचारलं. बेनेडिक्टनी विषय सोडून दिला, तो कायमचाच.

कणकवलीच्या कॉलेजातून तिनं केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं आणि एका हायस्कूलात तात्पुरत्या जागेवर विज्ञान शिकवायला लागली. संस्थेतल्या एका वजनदार माणसाच्या चिरंजीवांना तिनं नापास केलं, आणि तात्पुरती जागा फारच तात्पुरती निघाली. मग आंब्याचा रस डब्यात भरणाऱ्या कारखान्यात रस तपासायचं काम मिळालं. तिथं ऐन सीझनात तिनं अख्खी टाकी आंबली म्हणून ओतून द्यायला लावली. मालक त्या रसाची दारू करून विकायच्या बेतात होता, असं तिच्या भावाचं, रोनीचं म्हणणं. पण रोनी पर्यटकांना राहायला खोल्या देतो आणि त्यांना रोज सकाळी हमखास डॉल्फिन दाखवण्याचं वचनही देतो, तेव्हा त्याचं किती मनावर घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

एवढं खरं की दोन्ही ठिकाणांहून बाहेर पडलेल्या आपोलिनाची कीर्ती जिल्हाभर झाली आणि त्या कीर्तीमुळेच सुशांत साटम तिला शोधत आला.

सुशांत कणकवलीच्या हार्डवेअरवाल्या साटमांचा मुलगा. दक्षिणेत बरीच वर्षं रॉकेटच्या इंजिनांवर काम करून तो परत आला होता. बापाला वाटलं, आता गल्ल्यावर बसेल. यानं हायवेच्या आतल्या बाजूला बंद पडलेला काजूचा कारखाना भाड्यानं घेतला, त्यात एक भलीमोठी भट्टी आणून बसवली आणि जाहीर केलं की आपण रॉकेटच्या इंजिनाचे भाग बनवणार. गावातल्या निम्म्या लोकांनी दिवाळीच्या फटाक्यांची आगाऊ ऑर्डर दिली. उरलेल्यांनी लांब राहायचं ठरवलं, कारण शेड उडाली तर.

"मला असं माणूस पाहिजे," सुशांत आपोलिनाला म्हणाला, "जे मला नाही म्हणेल."

"आता बोलतास. मगे पस्तावशात," आपोलिना म्हणाली आणि नोकरी पत्करली.

पुढे काय काम चालायचं ते तिनं एकदा रोनीच्या मुलीला, प्रिन्सीला, समजावून सांगितलं होतं. प्रिन्सी मासे साफ करत होती आणि तिनं सहज विचारलं होतं, "आंटी, तुमी थंय नेमक्यां करतास काय?"

"चुलीक माती लावताना आजी तेच्यात भाताचो तूस घालायची, आठवता? कित्याक घालायची? नुसती माती तापली काय तडकता. तूस आसलो तर भेग थंयच अडकता, फुडे जायना. रॉकेटच्या इंजिनातून जो जाळ भायर पडता ना, तेच्यात लोखंड तुपासारख्यां वितळात. सिरॅमिक वितळणा नाय, पण तडकता. म्हणान आमी तेच्या पोटात कार्बनच्या धाग्यांचा कापड घालतो."

प्रत्यक्षात हे प्रकरण तूस कालवण्याइतकं सोपं नव्हतं. काळ्या कुळकुळीत धाग्यांचं कापड साच्यावर थरावर थर बसवायचं, आंबापोळीसारखं. मग ते एका चिकात भिजवायचं आणि हवा न लागू देता भट्टीत भाजायचं. भाजताना चिकाचं सिरॅमिक होतं, पण ते आकसतं आणि आत बारीक भोकं राहतात. म्हणून पुन्हा भिजवायचं, पुन्हा भाजायचं, आणि वजन वाढायचं थांबेपर्यंत हेच करत बसायचं. एक भाग तयार व्हायला महिनोन् महिने लागत. या सगळ्याच्या शेवटी जे बाहेर यायचं ते काळं, पोकळ, तोंडाशी रुंद होत गेलेलं. इंजिनाचं नॉझल, म्हणजे जाळ बाहेर सोडणारं तोंड. पण दिसायचं देवळातल्या घंटेसारखं, म्हणून कारखान्यात सगळे त्याला घंटाच म्हणत.

"म्हणजे इतके म्हयने तुमी केलास काय?" प्रिन्सीनं विचारलं.

"घंटा," आपोलिना म्हणाली. प्रिन्सी इतकी हसली की हातातला बांगडा मांजरानं नेला.

पहिल्या दोन घंटा आपोलिनानं नाकारल्या. एकीचा आकार भट्टीत वाकडा झाला होता. दुसरीवर तिनं नाण्यानं टकटक केली, तेव्हा सगळीकडे 'ठण' वाजलं आणि एका जागी 'ठप'. ठप म्हणजे आत थर सुटलेत. सुशांत दोन्ही वेळा बाहेर जाऊन फणसाखाली उभा राहिला आणि काही वेळानं परत येऊन कामाला लागला. तिसरी घंटा मात्र तिनं सगळीकडून वाजवली, एक्स-रे पाहिला, वजन केलं, भिंगातून तासभर न्याहाळली, आणि म्हणाली, "बरी आसा."

थर बसवणाऱ्या शर्मिष्ठाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा विचारलं.

"बरी आसा म्हटलंय ना? आता काय नाचा?"

शर्मिष्ठा खरंच नाचली.

घंटा दक्षिणेला ज्या कंपनीकडे जायची होती तिकडे गाडी निघण्याच्या दिवशी सुशांतनं छोटा समारंभ ठरवला आणि भाईंना बोलावलं. भाई म्हणजे त्या भागातले पुढारी. नेमक्या कुठल्या पक्षाचे ते सकाळचं वर्तमानपत्र बघून सांगावं लागे. कारखान्याकडे येणारा रस्ता म्हणजे नुसते खड्डे होते. अशा रस्त्यावरून इतकी नाजूक वस्तू न्यायची, म्हणून भाईंना खूश ठेवणं भाग होतं. आपोलिनानं समारंभाला हरकत घेतली नाही. फक्त घंटेभोवती दोरी बांधली, पाटी लावली की हात लावू नये, आणि नारळ फोडायला बाहेर एक स्वच्छ धुतलेला चिरा ठेवला.

भाई आले ते माणसांचा घोळका घेऊन. दोरी त्यांना दिसलीच नाही, कारण दोरी ही बाकीच्यांसाठी असते असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. ते थेट तोंड वर करून ठेवलेल्या घंटेपाशी गेले, तिच्या तोंडाशी वाकून पाहिलं आणि सुशांतला म्हणाले, "ह्यां आगीत टिकता मां?"

"हो भाई. लोखंड वितळेल, पण हे..."

"मगे नारळान काय जातला!"

आणि कुणाला काही कळायच्या आत भाईंनी नारळ उचलून घंटेच्या कडेवर आपटला.

नारळाची दोन शकलं झाली. घंटा जागची हलली नाही. घोळक्यानं टाळ्या पिटल्या, "आवशीचो घोव, काय माल आसा!" असा एक उद्गार मागून आला, आणि नारळाचं पाणी कडेवरून ओघळत काळ्या अंगात जिरून गेलं. भाईंनी वर कुंकवाचं बोटही ओढलं. सगळ्यांच्या मोबाइलवर ते टिपलं गेलं. दुपारपर्यंत व्हिडिओ जिल्हाभर फिरला. खाली लिहिलं होतं, 'भाईंचा दणका, रॉकेट पक्का.'

घोळका पांगला. आपोलिनानं खणातून लाल चिठ्ठी काढली आणि घंटेला बांधली. नामंजूर.

सुशांतनं तिला ऑफिसात बोलावून दार लावलं. "मॅडम, फुटली नाहीये ती. फुटणार नाही हे मला आणि तुम्हाला दोघांनाही माहीत होतं."

"कडेला वरचा लेप अजून दिलेला नाही. भोकं उघडी आहेत. पाणी आत गेलं."

"पुन्हा भट्टीत घालू. पाणी उडून जाईल. साखर असेल तिचा कार्बन होईल. आपलाच माल."

"आणि पोटॅशियम?"

सुशांतला ते माहीत होतं. नारळाच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, आणि ते आत राहिलं तर तापल्यावर कार्बनचे धागे दुप्पट घाईनं जळतात. एरवी हेच त्यानं सगळ्यांना शिकवलं होतं, आणि घामेजल्या हातांनी कापडाला शिवायचं नाही म्हणून हातमोजेही त्यानंच आणले होते.

"मी सही करतो," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही करू नका. जबाबदारी माझी."

"करा," आपोलिना म्हणाली. तिनं डबा उचलला, छत्री उचलली आणि एसटी पकडून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गावात बातमी तिच्या आधी पोचली होती, आणि वाटेत तिला बरेच पाय फुटले होते. कुणी म्हणालं, नारळ हिंदूंचा म्हणून नायबायनं घंटा अडवली. हे रोनीनं ऐकलं आणि तो भांडायला निघाला, पण खोल्यांत पाहुणे होते, जेवणाची वेळ झाली होती, म्हणून परत फिरला. सुशांतची सही मात्र होत नव्हती. शर्मिष्ठानं फोनवर सांगितलं, "सर पेन घेऊन बसतत, नि परत ठेवतत. काल पेनाची शाई तपासत होते."

अशात एका दुपारी भाई स्वतः रोनीकडे जेवायला आले. या खेपेला घोळका नव्हता, एकटेच. माडाखाली टेबल टाकलं होतं. प्रिन्सीनं भात, बांगड्याची कढी आणि तळलेली सुरमई वाढली. भाईंनी आपोलिनाला घरातून बोलावून समोर बसायला सांगितलं.

"बाय, लोक काय काय बोलतत. देवाचो नारळ तो. तुमच्या धर्मात तेचा काय नसात..."

"आमच्यात नसात?" आपोलिना म्हणाली. "भाई, लग्नाच्या आदल्या दिसाक आमी नवऱ्या-व्हकलेक नारळाच्या रसान न्हाणयतो. तुमी आता जी कढी खातास तेच्यात काय आसा? माझां नारळाशी काय वाकडां नाय. माझां वाकडां पोटॅशियमशी आसा."

"तो कोण?" भाईंनी विचारलं. असा कुणी विरोधी गटात असेल तर आपल्याला कसा ठाऊक नाही, ही काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसली.

आपोलिनानं समजावलं. भाईंना त्यातलं अर्धं कळलं, पण ते मान हलवत राहिले. मग ती म्हणाली, "सायन्स ऱ्हांवदे. तुमी व्हिडिओचो इचार करा. ही घंटा थंय टेस्टिंगाक लावतले. तेचोय व्हिडिओ काढतत. जर ती जळली, तर लोक दोनय व्हिडिओ जोडतले. पयलो तुमचो नारळ, मगे धूर."

भाईंचा घास हातातच राहिला. राजकारणात त्यांनी पुष्कळ धूर पाहिला होता, पण जोडून दाखवलेला नाही.

"मगे करूक काय व्हया?"

"कड कापून बघूक व्हयी. पाणी खंयसर गेलां, आत काय आसा. पण कापली काय ती घंटा गेली. सुशांताचां धाडस होणा नाय."

भाईंनी तिथंच हात धुतले आणि फोन लावला. "सुशांत, काप रे ती. मी सांगतंय. मी स्वता येतंय."

घंटा कापताना भाई खरोखर हजर होते. हिऱ्याच्या कणांची चकती फिरायला लागली तशी त्यांनी कानात बोटं घातली. कडेचा पहिला तुकडा शर्मिष्ठानं हातमोज्यात धरून आपोलिनाला दिला. आपोलिनानं तो उजेडात धरला.

तुकड्याच्या मधोमध, थरांच्या दरम्यान, केसाएवढी फट होती. नखभर नव्हे, चांगली लांब, तुकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

भाईंनी फट पाहिली, स्वतःचा हात पाहिला, आणि कॉपी करताना सापडलेल्या विद्यार्थ्यासारखे म्हणाले, "माझ्यान झालां?"

सुशांतनं आपोलिनाला दंडाला धरून बाजूला घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो ऑफिसची भाषा विसरला. "गो बाय, काय बोला नको. ऱ्हांवदे तसांच. भाई आता घाबारलो आसा. रस्तो करून दितलो, लायटीच्या लायनीचा काम करून दितलो. त्या कंपनीक आमी सांगाया, पुढाऱ्यान नारळ मारल्यान. दुसरी करून दिवया. सगळे सुटतत."

आपोलिनानं भिंग डोळ्याला लावलं. तिला रस्त्याची आठवण झाली, त्या खड्ड्यांतून रोज स्टँडपर्यंत चालत जाणारे तिचेच पाय होते. भाईंचा तो पडलेला चेहरा आणखी थोडे दिवस बघायला मिळाला असता तर तिला आवडलंही असतं, हे तिनं पुढे कधीच नाकारलं नाही. तिनं तुकडा फिरवून पुन्हा पाहिला. फटीच्या आतल्या दोन्ही भिंतींवर काळी, काचेसारखी चकाकी होती. चीक तिथं पोचला होता, भाजला गेला होता, एकदा नव्हे, अनेकदा. नव्या भेगेचा आतला भाग खरबरीत असतो, धागे तुटून वर आलेले दिसतात. इथं धागे गुळगुळीत झाकलेले होते. ही फट भट्टीच्या पहिल्या खेपेपासून होती.

आणि घंटा वाजवताना ही कड नेहमी रबराच्या गादीवर टेकलेली असायची. तिथं आवाज दबूनच यायचा. तो गादीमुळे दबतो असं तिनं धरून चाललं होतं. घंटा उलटी करून एकदा वाजवायची, एवढंच राहिलं होतं. एक्स-रेत अशी आडवी फट दिसत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

"भाई," ती म्हणाली, "तुमच्या नारळान कायएक झालां नाय. ही फट जुनी आसा."

"जुनी?"

"भट्टीतली."

"मगे... चूक कोणाची?"

"माझी. मीच बरी आसा म्हणान सांगितलंय."

सुशांतनं डोळे मिटून घेतले. भाईंना पहिल्यांदा कळलंच नाही की आपण सुटलो. कळलं तेव्हा त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरची काळी भुकटी उडाली.

आपोलिना मागच्या नळावर गेली आणि हात धूत उभी राहिली. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. आयुष्यभर तिनं माणसं, टाक्या, उत्तरपत्रिका नाकारल्या, आणि त्यातला प्रत्येक नकार बरोबर होता याची तिला खात्री होती. एकदा हो म्हणाली ते हे. राग कुणावर काढावा हे तिला कळेना, कारण समोर नळाशिवाय कुणी नव्हतं. शर्मिष्ठा चहा घेऊन आली आणि बाजूला उभी राहिली. म्हणाली, "त्या दिवसांत हवा किती दमट होती, मॅडम. कापड माझ्याच हातून नीट बसलं नसेल."

"तां बगूया. पण घंटा वाजवतंय मी," आपोलिना म्हणाली आणि चहा प्यायली. गोड जास्त झाला होता. तेही तिनं सांगितलं.

भाईंनी दुसऱ्याच दिवसापासून सांगत सुटायला सुरुवात केली की त्यांच्या नारळामुळे रॉकेटमधला दोष सापडला. एका सत्कारात तर, माझ्या हाताला आतली भेग जाणवली म्हणूनच मी नारळ मारला, इथपर्यंत मजल गेली. आपोलिनानं ते ऐकलं आणि नुसतं नाक मुरडलं. त्यात चिडण्यासारखं एवढंच होतं की पहिला भाग खरा होता. नारळ पडला नसता तर घंटा गाडीत चढली असती आणि तिच्या सहीनं गेली असती. त्यामुळे भाईंना खोडून काढायची सोय राहिली नव्हती. रस्त्यावर मात्र भाईंनी खडी घालून दिली, निदान भाषणाला जाताना त्यांची स्वतःची गाडी आपटू नये म्हणून तरी.

सुशांत काही दिवस तिच्याशी कामापुरतं बोलला. मग एका सकाळी त्यानं थर बसवायच्या खोलीत हवा कोरडी ठेवायचं यंत्र बसवलं आणि तिला बोलावून विचारलं, "आता घंटा वाजवायची कशी, ते ठरवायचं का?" दोघं दिवसभर बसले. कड टेकवायचीच नाही, घंटा कापडी पट्ट्यांवर अधांतरी टांगायची आणि आधी कड वाजवायची, असं ठरलं. टांगलेली घंटा बघून कुरियरवाल्यानं नमस्कार केला. कुणी त्याला अडवलं नाही.

पुढची घंटा पावसाळा संपल्यावर तयार झाली. आपोलिनानं ती टांगून वाजवली, पट्ट्या बदलून वाजवली, शर्मिष्ठाला वाजवायला लावून स्वतः डोळे मिटून ऐकली. तीन दिवस ती हो म्हणेना आणि नायही म्हणेना. चौथ्या दिवशी सही केली, आणि गाडी नजरेआड होईपर्यंत फाटकात उभी राहिली. समारंभ झाला नाही. भाई त्या आठवड्यात पक्ष बदलण्यात गुंतले होते.

चाचणीचं थेट प्रक्षेपण सुशांतच्या लॅपटॉपवर आलं. शेडमध्ये सगळे गोळा झाले. शर्मिष्ठानं बोटांच्या फटींतून पाहिलं. पडद्यावर आधी काहीच नव्हतं, मग एकदम पांढरा जाळ सुटला आणि घंटा तांबडी, नारिंगी, मग जवळजवळ पांढरी झाली. आवाज लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून फोडणी दिल्यासारखा येत होता. आपोलिना फक्त कड बघत होती. जाळ थांबला. घंटा तिथंच होती, हळूहळू तांबडी होत, मग काळी.

सुशांत रडायला लागला. त्याला कुणाला तरी मिठी मारायची होती. आपोलिनाकडे वळला, तिचा चेहरा पाहून पुन्हा शर्मिष्ठाकडे वळला, आणि शेवटी भट्टीच्या दाराला टेकून उभा राहिला.

काही आठवड्यांनी ती घंटा तपासणीसाठी परत आली. आपोलिनानं खोका उघडला, हातमोजे चढवले आणि ती टांगली. जाळ जिथून बाहेर पडतो त्या तोंडाशी कड एका बाजूनं थोडी खाल्ली गेली होती, जराशी, उंदरानं पापड कुरतडावा तशी. तिनं भिंगातून ती जागा बराच वेळ पाहिली.

"सुशांत, हंय ये मरे," तिनं हाक मारली. "फुडल्या खेपेक ह्या बाजूक एक थर वाढय."